अळणी

"छान झालीये भाजी," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पळी कढईतच राहिली. आधी तिला वाटलं, खिडकीखालून कोणीतरी कोणालातरी बोललं. पण खिडकी बंद होती. तो मान वर करून तिच्याकडेच पाहत होता, घास अजून गालात, आणि चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, जे तिला त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा कधी सापडलं नव्हतं. "घे की तूही, बस," तो म्हणाला. ती बसली. फुलकोबीचा एक तुरा तिनं तोंडात घातला आणि चावता चावता थबकली. भाजीत मीठ नव्हतं. कमी होतं असं नाही, नव्हतंच. कढईत फोडी परतताना दाराची बेल वाजली होती, खालच्या मजल्यावरची बाई चुकून आलेलं टपाल द्यायला आली होती, आणि त्या गडबडीत मिठाची बरणी उघडायचीच राहिली होती. ती पटकन पाणी प्यायली. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं भाजी आणखी वाढून घेतली आणि सगळी संपवली.

भांडी घासताना तिनं कढईचं बूड बोटानं पुसून पुन्हा चाखलं. साफ अळणी. दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर यात काही विशेष नव्हतं. नवरे काय, पुढ्यात येईल ते गिळतात. पण हा माणूस चाखण्यावर जगत होता. चहाचा मोठा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत तो टी टेस्टर होता. लांबच लांब पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग, वरच्या खिडकीतून येणारा सावली न पाडणारा उजेड, आणि हा आपला चमचा घेऊन एकेका वाटीपाशी थांबायचा, घोट सुर्रकन ओढायचा, गालात फिरवायचा, चाकांवरच्या पिंपात थुंकायचा की पुढे. तेवढ्यात त्याला कळलेलं असायचं की पान कधी खुडलं, भट्टी जास्त तापली होती का, गोणी कुठल्या ओल्या भिंतीला टेकून ठेवली होती का. आमची कंपनी या जिभेवर चालते, असं मालक चारचौघांत सांगायचा. तिची धाकटी बहीण त्याला जीभसाहेब म्हणायची, अर्थात पाठीमागे. जिभेला हाड नसतं म्हणतात. या जिभेला होतं, आणि ते इतकी वर्षं हिच्या घशात अडकून बसलं होतं.

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिनं टोमॅटोचं सूप केलं होतं. आईनं शिकवलेलं एकच सूप, नव्या घरातल्या गॅसची तिला अजून सवय झाली नव्हती. त्यानं पहिला चमचा तोंडात घेतला, तो गालात फिरवला, आणि मान न उचलता म्हणाला, "या पातेल्यात आधी दूध तापवलं होतंस." रागानं नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं. आणि खरंच तापवलं होतं. तिथेच सगळी मेख होती. तो एकदा जरी चुकला असता तरी तिनं भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण तो कधीच चुकायचा नाही. तेल जुनं आहे म्हणाला की तेल जुनं असायचं. कांदा घाईत परतलास म्हणाला की तिला घाई झालेली असायची. शेजारणीशी भांडण झालं त्या दिवशी भात किंचित करपला तर ते भांडणही त्यानं भातातून ओळखलं. मुलगा शिकून दूर नोकरीला गेला आणि तिथे कँटीनमध्ये सगळे काही न बोलता जेवतात याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं की फोनवर तो तेच सांगत बसला. हळूहळू तिनं स्वयंपाक करताना चाखणं सोडून दिलं. कशाला चाखायचं? चव तिच्या तोंडात नव्हतीच, ती त्याच्या कपाळावर उमटायची. पदार्थ ताटात वाढायचा आणि त्या कपाळाकडे बघत उभं राहायचं, निकाल लागायची वाट बघत. एकदा, फार वर्षांपूर्वी, ती त्याच्या कंपनीत गेली होती आणि त्याला ती पांढरी रांग भराभर चाखत जाताना पाहून तिचा ऊर भरून आला होता. तेव्हा कोणीतरी तिच्याकडे वळून म्हणालं, वहिनी, घरी तर साहेबांची मजाच असेल. त्यावर तो म्हणाला होता, "घरी मला काय मिळतं ते विचारू नका." सगळे हसले. तीही हसली. सगळ्यात मोठ्यानं तीच हसली होती, हे तिला अजून झोंबायचं.

आणि आता हा माणूस अळणी फुलकोबीला छान म्हणाला होता. ओट्याशी उभं राहून तिनं नळ बंद केला आणि गेले दोन-तीन आठवडे उलटे मोजायला घेतले. तशी शंका तिला यायला हवी होती. पण दुखण्यानं माणूस मऊ झाला असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. "माणूस बदललाय गं," असं तिनं बहिणीला फोनवर सांगितलं होतं, आणि बहीण म्हणाली होती, "चला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा, ताई." सुंठीवाचून नव्हे. सुंठ दिली होती, तीही हिच्याच हातानं, रोज सकाळी, पाण्याच्या ग्लासाबरोबर.

त्याचं असं झालं होतं. ऑफिसात काम करता करता त्याच्या कमरेत कळ आली आणि तो टेबलाखाली मुरगळून पडला. किडनीतून निघालेला खडा अर्ध्या वाटेत अडकला होता. डॉक्टरांनी खालून बारीक दुर्बीण घालून तो फोडला, आणि सुजलेली वाट मिटू नये म्हणून आत एक मऊ नळी ठेवून दिली. स्टेंट. एक टोक किडनीत, एक मूत्राशयात, दोन्ही टोकं शेपटीसारखी वळवलेली, म्हणजे ती सरकू नये. काही आठवड्यांनी काढायची होती. खडा गेला म्हणून हुश्श म्हणावं, तर आगीतून फुफाट्यात. नळी त्याला सुखानं बसू देईना. जरा वेळ गेला की लघवीला. गेलं की आग. आणि नेमकं तेव्हाच वर कमरेत सुरी खुपसावी तशी कळ. दुसऱ्याच्या गोणीतली ओल ज्याला कळायची, त्याला स्वतःच्या पोटातली ही वीतभर नळी घटकाभरही विसरता येत नव्हती. तो भिंतीला हात लावून उभा राहायचा, डोळे मिटून, आणि ती मागे टॉवेल घेऊन उभी. बाहेर आला की ओरडायचा. पाणी गार का, दिवा का लावला नाहीस, अशी का उभी आहेस. वेदनेत माणूस जवळच्यालाच चावतो, हे तिला कळत होतं. पण चावा तो चावाच.

मग पुन्हा डॉक्टर. डॉक्टर समजावून सांगत असतानाच तो उठून बाहेर गेला, अर्थात तिकडेच. डॉक्टरांनी उरलेलं तिला सांगितलं. दोन गोळ्या. एक नळीची वाट सैल करणारी, तिनं उठताना जरा गरगरेल, सावकाश उठायला सांगा. दुसरी मूत्राशयाला शांत करणारी. नळीचं टोक लागून ते सारखं आवळतंय ना, ते थांबेल. "या दुसऱ्या गोळीनं तोंड कोरडं पडतं बऱ्याच जणांचं," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "चवही जरा मंदावते. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली.

"फार त्रास झाला तर कळवा, बदलून देऊ. दुसरी आहे एक, तिनं तोंड तितकं कोरडं पडत नाही. काम काय करतात ते?"

"चहाच्या कंपनीत आहेत."

"मग बसूनच काम. बरंय," डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्यात तो भिंत धरत आत आला. काय म्हणाले, त्यानं विचारलं. दोन गोळ्या दिल्यात, तिनं सांगितलं. तिच्या तोंडून एकही शब्द खोटा गेला नव्हता. आता ओट्याशी उभी राहून ती ते "चालेल" उलटंपालटं करून पाहत होती. विसरले, असं म्हणायची सोय नव्हती. त्याचं तोंड कोरडं पडणार, चव मंदावणार, हे ऐकल्यावर तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तिला लख्ख आठवत होतं. तेवढाच घराला विसावा, असं आलं होतं. वाईट म्हणण्याइतकंही मोठं नव्हतं ते. मिठाच्या खड्याएवढं.

गोळ्या लागू पडल्या. आठवडाभरात तो सलग झोपू लागला, भिंतीचा आधार सुटला, कामावर जायला लागला. आणि जेवणाच्या टेबलावर शांतता पसरली. आधी नुसती शांतता; मग ती ऐकतच राहिली असं एकेक. बरंय. चांगलंय. छान झालीये. त्या अळणी भाजीनंतर तर एक नवीनच रीत सुरू झाली. ती बसेपर्यंत तो थांबायला लागला. ती पहिला घास घेईपर्यंत त्याचा चमचा ताटाशी तसाच. पाहुणा म्हणून जेवायला आल्यासारखा. ती खायची, तो तिच्याकडे बघायचा, मग खायचा आणि काहीतरी गोड बोलायचा. नाणं खोटं आहे हे तिला ठाऊक होतं. रस्सा मुद्दाम खाली लागू देऊन तिनं ते वाजवूनही पाहिलं होतं, करपलेला वास तिच्या स्वतःच्या नाकात बसला होता तरी तो म्हणाला होता, "आज जरा वेगळा झालाय, पण छान." आणि तरीही दुपारी चार वाजले की ती केस विंचरायची, रात्री काय करावं याचा विचार करायची, गुणगुणायचीसुद्धा. या वयात. खोट्या नाण्यासाठी. स्वतःची कीव आणि स्वतःचा राग एकाच वेळी यावा असे ते दिवस होते, आणि ते संपू नयेत असं तिला मनापासून वाटत होतं.

एका दुपारी त्यानं तिला चहा करायला सांगितलं. तिच्या हातचा चहा तो लग्नापासून कधी प्यायला नव्हता. घरी तो गरम पाणी प्यायचा. तिनं केला, कप घेऊन तो गॅलरीत गेला. काही वेळानं ती पडद्याआडून पाहते तो हा तिच्याकडे पाठ करून उभा, हातात चमचा. घोट ओढला, फिरवला, कुंडीत थुंकला. पाण्यानं चूळ भरली. पुन्हा घोट, पुन्हा थुंकला. पुन्हा. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. आत आला तेव्हा कप रिकामा होता. "फर्स्ट क्लास," तो म्हणाला आणि लगेच वर्तमानपत्र उघडून बसला. ते उलटं नव्हतं, पण तो वाचतही नव्हता. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की हा घाबरलाय. आणि घाबरलेला आहे म्हणूनच गोड बोलतोय. ज्यानं जन्मात चवीबद्दल खोटा शब्द उच्चारला नाही, तो आता चारचौघांत पकडलं जाऊ नये म्हणून पुढ्यात येईल त्याला छान म्हणत सुटला होता, आणि त्यातलं थोडंसं तिच्या वाट्याला येत होतं.

शनिवारी सकाळी त्याच्या कंपनीतला दुसरा टेस्टर, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, त्याचा फोन आला. हा अंघोळीला गेला होता.

"बरं झालं वहिनी, तुम्हीच उचललात," चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला. "साहेबांची तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे की. का हो?"

"काल त्यांनी एक माल पास केला. धुरकटलेला होता, वहिनी. नवशिक्यालासुद्धा कळावा असा. त्यांनी घोट घेतला, मान डोलावली आणि पुढे गेले. मी गुपचूप बाजूला काढला, कोणाला बोललो नाही. पण बुधवारी मालक स्वतः बसणार आहेत. बाहेरचे खरेदीदारही येतायत. झाकलेल्या वाट्या असतात, रंगावरून काही ओळखता येत नाही. मी किती सावरणार? औषधबिषधाचं काही आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली. "अशक्तपणा असेल." फोन ठेवला. आत पाण्याचा आवाज चालू होता. आपण हे काय बोललो, असं तिला वाटलंच नाही. आपण हेच बोलणार होतो, असं वाटलं.

रविवारी जेवताना तिनं पहिला घास घेतला. तो बघत होता. मग त्यानं खाल्लं. "छान," तो म्हणाला.

"काय छान?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"काय छान लागलं ते सांगा ना. नेहमी सांगता तसं."

त्यानं चमचा खाली ठेवला. ओठ जिभेनं ओले करायचा प्रयत्न केला, ते झाले नाहीत. "मला काही कळत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. तोंड सारखं सुकतंय, पाणी पीत राहतो. सगळं लाकूड चावल्यासारखं. डबा उघडला तरी वास धड येत नाही, वाटीत रंग दिसतो, त्यावर रेटतोय. घोट तोंडात गेला की पुढे नुसता अंधार."

"मग छान कशाच्या जोरावर म्हणता?"

"तुझ्याकडे बघून."

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"तू पहिला घास घेतेस ना, तेव्हा तुझ्या इथे," त्यानं स्वतःच्या भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं, "जरासं काहीतरी होतं. चांगलं झालं असेल तर ते सुटतं. बिघडलं असेल तर तू पटकन पाणी पितेस. त्या फुलकोबीच्या दिवशी मी आधीच बोलून बसलो, आणि मग तू पाणी प्यायलीस. तेव्हापासून तुला आधी खाऊ देतो. रस्सा लागला होता त्या दिवशी तर तू माझ्याकडे बघत होतीस, म्हणून म्हटलं वेगळा झालाय." तो ओशाळं हसला. "आता तर तू गॅसशी पाठमोरी असलीस तरी खांद्यांवरून कळतं."

इतक्या वर्षांत तिच्या कपाळाकडे कोणी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा नाही. वाट्यांच्या रांगेकडे ज्या एकाग्रतेनं तो पाहायचा, ज्यासाठी त्याला लोक मान द्यायचे, ते सगळं फुलकोबीच्या दिवसापासून तिच्यावर, तिच्या भुवयांवर, खांद्यांवर लागलेलं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. आनंदानं रडू यावं की संतापानं, हे तिला कळेना. आणि पुढचं तर आरशात दिसावं तितकं स्वच्छ दिसलं. आपण गप्प बसलो तर बुधवारी याचं बिंग फुटेल. काम जाईल. मग हा घरी बसेल, या खुर्चीत, आणि मरेपर्यंत आपल्या कपाळाकडे बघत जेवेल. अळीमिळी गुपचिळी. तिला ते हवं होतं. नको म्हणण्यात अर्थ नव्हता, हवंच होतं.

"माझी जीभ गेली गं," तो म्हणाला. "म्हातारा झालो. बुधवारी सगळ्यांसमोर..." त्यानं चमचा पुन्हा उचलला होता आणि तो ताटाच्या काठावर बारीक वाजत होता. तो आवाज तिला सहन होईना.

"गोळीनं झालंय," ती म्हणाली. "ती दुसरी, पिवळी. तिनं तोंड कोरडं पडतं, चव जाते. बदलून मिळते."

चमच्याचा आवाज थांबला. "तुला कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"कधी?"

"दिली तेव्हाच. तुम्ही बाहेर गेला होतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही छान म्हणत होतात."

त्याला उमगायला वेळ लागला. मग भुवया वर गेल्या. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

"हो. एवढ्यासाठी."

तो ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, महिनाभर अबोला धरला असता, तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. त्यानं त्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावला. दुखलं तरी चालेल, पण जीभ द्या, असं म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. चष्मेवाल्यानं काहीबाही सांगून मालकांची बैठक आठवडाभर पुढे ढकलली. गोळी बदलली. आणि तिनं जे केलं होतं त्याचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. क्षमा केली असं नव्हे. ते लक्षात ठेवण्याइतकं मोठं त्याला वाटलंच नव्हतं.

बैठकीच्या संध्याकाळी तो जिना चढून आला तेव्हा एक हात कमरेवर होता. नवी गोळी पहिलीइतकी गुणाची नव्हती आणि नळी निघायला अजून वेळ होता. पण तो शीळ घालत होता. झाकलेल्या सगळ्या वाट्या त्यानं ओळखल्या होत्या. एका वाटीत मालकांनी दोन माल मिसळून ठेवले होते, तेही काढून दाखवले. "खरेदीदार तोंडात बोटं घालून बघत होते," बूट काढता काढता तो म्हणाला. चष्मेवाल्याचा तर जीव भांड्यात पडला. तिलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, मनापासून बरं वाटलं.

तिनं टोमॅटोचं सूप केलं होतं. करताना कित्येक वर्षांनी चमचाभर घेऊन स्वतः चाखलं होतं, उजव्या बाजूला, डाव्या बाजूला, थांबून. चांगलं झालं होतं. तिच्या जिभेनं तसं तिला स्पष्ट सांगितलं. तिनं दोन वाट्या भरल्या, समोर बसली, पहिला चमचा तोंडात घेतला, आणि कपाळ जरासं वर करून थांबली.

तो आधीच पीत होता. त्यानं वर पाहिलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. एक चमचा, दुसरा चमचा, तिसरा त्यानं गालात फिरवला आणि वाटीकडे बघतच म्हणाला, "या पातेल्यात आधी दूध तापवलं होतंस."

तापवलं होतं. सकाळी. आणि घासलंही होतं.

"पाणी आण गं जरा," तो म्हणाला. ती उठून आत गेली. ग्लास घ्यायला हात वर केला तर शेल्फवर जुन्या गोळ्यांचं पाकीट होतं, टाकून द्यायचं राहिलेलं. तिनं एक पिवळी गोळी दाबून बाहेर काढली आणि जिभेवर ठेवली. गिळली नाही. आधी काहीच लागलं नाही, वरचा थर गुळगुळीत होता. बाहेर त्याचा चमचा वाटीवर वाजत होता, नीट, एका लयीत, बऱ्या झालेल्या माणसाचा. मग थर सुटला. कडू होती. हे कळायला तिला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.